न बोलता एक तास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

घरातल्या सगळ्यांनी मिळून एक तास न बोलता काढायचा, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. फक्त त्याला मौनव्रताचं रूप देऊ नकोस. मौनात माणूस आत वळतो, तुम्हाला एकमेकांकडे वळायचं आहे. आणि त्या तासाचा अबोला तर मुळीच होऊ देऊ नकोस.

अबोला का बोचतो, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातल्या एका प्रयोगातून कळतं. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग काही मिनिटं त्याच्याकडे पाहत राहते, पण चेहरा अगदी कोरा ठेवून. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. तरी काहीच होईना म्हटल्यावर नजर फिरवतं, रडकुंडीला येतं. आई समोरच असते आणि शब्द तर त्या बाळाला अजून येतही नाहीत. त्याला मिळायचं थांबलेलं असतं ते उत्तर. म्हणून तुमच्या तासाला नियम एकच पुरे. कुणीही काही खुणावलं, की त्याला काहीतरी उत्तर द्यायचंच. समजलं नसेल तर भुवया उंचावून 'पुन्हा सांग' म्हणायचं.

नुसते समोरासमोर बसू नका, लवकरच कंटाळाल. हाताला काम हवं. एकत्र स्वयंपाक करा, कपाट आवरा, एखादं जड टेबल दोघांनी उचलून दुसऱ्या खोलीत न्या. टेबल उचलताना 'आता' हा शब्द लागत नाही. समोरच्याने घेतलेला श्वास आणि त्याचे ताठलेले खांदे बघून आपलेही हात आपोआप तयार होतात. तेवढं लक्ष आपण एरवी घरच्या माणसांना किती वेळा देतो? मोबाइल लांब ठेवा. कागदावर लिहिणं नको, ओठ हलवून शब्द सांगणंही नको. त्या पळवाटा आहेत. हसू आलं तर मात्र खुशाल हसा.

बोट दाखवण्याची गंमत नीट बघ. मूल साधारण वर्षाचं होईपर्यंत बोट दाखवायला लागतं, आणि ते दर वेळी 'मला दे' म्हणून नसतं. कधी नुसतं 'ते बघ ना' असतं. आपण तिकडे बघून पुन्हा त्याच्याकडे बघितलं, की त्याला हवं ते मिळालेलं असतं. मोठेपणी आपण कामापुरतंच बोट दाखवतो. त्या तासात घरातल्या मोठ्यांनीही काही कारण नसताना एकमेकांना एकेक गोष्ट दाखवावी, असं मला फार वाटतं.

'संवादातला ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो' असं तू कुठेतरी वाचशीलच. त्यावर विसंबू नकोस. त्या आकड्याचं मूळ मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांत आहे. शब्द एक सांगतात आणि सूर नि चेहरा दुसरंच, अशा वेळी बोलणाऱ्याची आवडनावड आपण कशावरून ताडतो, एवढ्यापुरताच तो आहे. सगळ्या बोलण्याला तो लागू होत नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे. तेव्हा चेहरे वाचण्याची विद्या आली, असं समजू नकोस. हाताची घडी रागानेही पडते आणि थंडीनेही.

एखाद्याला हे सगळं नको असेल, तर त्याने मान हलवून नाही म्हणावं आणि बाकीच्यांनी ते लगेच मानावं. तोही निःशब्द संवादच झाला.

तास संपला, की उठून जाऊ नका. प्रत्येकाला एकच विचार, 'तू काय सांगत होतास, जे आम्हाला कळलंच नाही?' सुरुवात घरात सर्वांत कमी बोलणाऱ्यापासून कर, आणि त्याचं पुरतं सांगून होईपर्यंत मध्ये कुणाला बोलू देऊ नकोस.