मूल ऐनवेळी कॉस्च्युम घालायला नाही म्हणतं तेव्हा

सणासुदीचे दिवस जवळ आले की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते, शब्द थोडे वेगळे असतात पण सूर तोच. "एवढ्या हौसेने कॉस्च्युम आणला आणि ऐनवेळी घालायलाच तयार नाही, रडून गोंधळ घातला, चारचौघांत शोभा झाली." कुणाची मुलगी तीन वर्षांची असते, कुणाचा मुलगा तेरा वर्षांचा. म्हणून एका केसबद्दल लिहिते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आई पहिल्यांदा एकटीच आली. मुलगा सात वर्षांचा, घरात अखंड बडबड, पण कार्यक्रमाच्या दिवशी ड्रेस बघितला की आडवा पडायचा. कॉन्फिडन्स कमी आहे, स्टेजची भीती आहे, यावर तिची खात्री पटलेली. मी विचारलं, ड्रेस निवडतं कोण?

"मीच निवडते ना ताई, त्याला काय कळतंय."

आणि निवडताना काय बघता? यावर मात्र ती जरा अडखळली, मग म्हणाली, "फोटोत कसा दिसेल ते."

मी त्यावर काहीच बोलले नाही, पुढच्या वेळी मुलाला आणि तो ड्रेस, दोघांनाही घेऊन या एवढंच सांगितलं. मी कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांना मानणारी आहे, माणसाला स्वतःबद्दल सगळ्यात जास्त स्वतःलाच माहीत असतं, मग ते माणूस सात वर्षांचं का असेना, आणि इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये या विश्वासाने मला कधी दगा दिलेला नाही.

वाघाचा ड्रेस होता, अंगभर, सोबत इलॅस्टिकवाला मास्क. मी त्याला घालून दाखव म्हटलं नाही. म्हटलं, मला हा ड्रेस नीट समजावून सांग बघू. त्याने काय केलं, तर तो सरळ उलटा केला. मानेपाशी कडक लेबल, पाठीच्या चेनची आतली कड खरखरीत, त्यावरून माझं बोट फिरवून दाखवलं. मग मास्क हातात घेतला. "यातून माझे पाय दिसत नाहीत. आणि आत माझाच श्वास मोठ्ठा ऐकू येतो. आई हाक मारते ना, तर ती कुठून मारते तेच कळत नाही."

आई म्हणाली, "अरे मग सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस पाचच मिनिटं घाल."

ती बराच वेळ त्या उलट्या ड्रेसकडे बघत राहिली. मला अशा वेळी मधे बोलायचा मोह कधीच होत नाही, कारण जे काम माझ्या दहा वाक्यांनी झालं नसतं ते त्या एका वाक्याने झालं होतं. भीती स्टेजची नव्हतीच. टोचतंय सांगितलं, दिसत नाही सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही, मग रडणं तेवढं हातात उरलं. हट्टी म्हणून माझ्याकडे आणलेल्या बऱ्याच मुलांचं मूळ मला इथेच सापडलंय.

आईचा भाग नंतरच्या सेशनमध्ये उलगडला. फॅमिली ग्रुपवर जाऊबाईंच्या मुलांचे छान फोटो येतात आणि "सगळ्यांना वाटतं मला मूल सांभाळता येत नाही." म्हणजे परीक्षा तिची होती आणि पेपर लिहायला मुलगा बसवला होता. हे तिचं तिला दिसलं आणि पुढचं सोपं झालं. मुलाला वाघच व्हायचं होतं, पण पट्ट्यापट्ट्यांचा जुना मऊ टीशर्ट, गालावर रंगाच्या मिशा आणि जुन्या ओढणीची शेपूट, जी त्याने स्वतः पिळून बांधली. शेवटपर्यंत अंगावर होतं सगळं.

आता तुमच्यासाठी. बाजारात जायच्या आधी मुलाला विचारा, आणि शंभर पर्याय समोर टाकू नका, दोन-तीन पुरे. ड्रेस आला की आधीच घरी अर्धा तास घालू द्या, त्यात बसणं, हात वर करणं, जिना चढणं आणि मुख्य म्हणजे बाथरूमला जाणं जमतंय का बघा, ऐनवेळच्या निम्म्या रडारडीचं मूळ तिथेच असतं. लेबल कापा, आत रोजचा मऊ बनियन घाला, पायात येणारी लांबी आखूड करा, आणि जिथे दिवे-मेणबत्त्या असतील तिथे झोळदार बाह्या नकोत. चेहऱ्याचा रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

अगदी लहान मुलांना मुखवट्याची भीती वाटत असेल तर हसू नका. रेटा डीव्ह्रीज या मानसशास्त्रज्ञांनी 1969 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, मेनार्ड नावाच्या मांजराला मुलांसमोर कुत्र्याचा मुखवटा घातला, तर तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना ते खरंच कुत्रा झालं असं वाटलं, सहा वर्षांच्यांना वाटलं नाही. म्हणजे छोट्यांसाठी मुखवटा घातलेले बाबा काही क्षण खरंच दुसरं कुणीतरी असतात. त्यांच्या देखत हळूहळू घाला, काढून दाखवा, त्यांच्या हातात द्या.

तेरा-चौदाच्या मुलांचं उलट, त्यांना वाटतं सगळं जग आपल्याकडेच बघतंय. त्यांना 2000 सालचा टीशर्टचा प्रयोग जरूर सांगा, कॉलेजच्या मुलांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आलं असेल, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या आलं. आणि तरीही तुमचा मुलगा म्हणाला की मी साध्या कपड्यांतच येणार, तर येऊ द्या, फोटोत तसाच घ्या, आणि त्याच्यासमोर कुणी टोमणा मारला तर उत्तर तुम्ही द्या.