इंग्लंडमधील जुनी सराई घर झाली, हे कशावरून ओळखावे?

लंडनहून बाथकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर आपण भल्यामोठ्या कमानीचे एक राहते घर पाहिले, आणि ते पूर्वी खरोखरच सराई होते का व असल्यास सराई का मोडली, असे विचारले आहे. माझ्या मते अशा घराच्या दर्शनी भिंतीवर विसंबू नये, कारण अठराव्या शतकात कित्येक जुन्या लाकडी सांगाड्यांवर नुसता विटांचा नवा दर्शनी भाग चढवला गेला. कमान आणि मागचे आवार मात्र सहसा लपत नाही.

1784 मध्ये जॉन पामर यांनी ब्रिस्टल-बाथ-लंडन अशी टपालगाडी सुरू केली. घोडे ठरावीक अंतरावर बदलावे लागत, त्यामुळे या रस्त्यावरच्या सरायांना तबेले, गवताच्या कोठ्या आणि गाडी सरळ आत घेण्याजोगी वाट हवीच होती. प्रवासी गाडीच्या टपावरही बसत, म्हणून कमान उंच ठेवावी लागे. तिच्या पायाशी दोन्ही कोपऱ्यांत चाकांचा मार सोसण्यासाठी बसवलेले दगड असतील आणि ते झिजलेले असतील, तर मी तो पुरावा वरच्या मजल्याच्या कोणत्याही सजावटीपेक्षा मोठा मानतो. आत जायला मिळाले, तर छताखालची नक्षीदार पट्टी पाहावी. मोठ्या दालनाचे पुढे खोल्यांत तुकडे केले असतील, तर ती नव्या भिंतीत शिरून अर्ध्यावरच तुटलेली दिसते. बुजवलेल्या खिडक्यांवरून मात्र काही ठरवू नये, कारण 1696 ते 1851 या काळात खिडक्यांवर करच होता आणि तो साध्या घरांनाही लागू होता.

1841 मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वे ब्रिस्टलपर्यंत पूर्ण झाली आणि घोडागाड्यांचा धंदा बसला. याच रस्त्यावरच्या मार्लबरो गावातली प्रसिद्ध सराई कॅसल इन मुळात ड्यूक ऑफ सॉमरसेट यांचा वाडा होती, 1751 मध्ये ती सराई झाली आणि 1843 मध्ये तिथे शाळा भरू लागली. लहान सरायांना असा मोठा भाडेकरू कुठून मिळणार? त्यांची घरे झाली आणि तबेल्यांत पुढे मोटारी उभ्या राहिल्या.

खात्री करायची असल्यास त्या परगण्याच्या अभिलेखागारात 1753 ते 1828 या काळातील मद्यपरवान्यांच्या नोंदवह्या मागाव्यात. सगळ्या टिकलेल्या नाहीत, पण ज्या आहेत त्यांत परवानाधारकाचे नाव आणि पुष्कळदा सराईचेही नाव सापडते. त्यातले परवानाधारकाचे नाव घराच्या जुन्या खरेदीखताशी जुळले, तर शंका उरत नाही.