कमळाची पानं पिवळी पडताहेत?

आधी पिवळेपणा कुठून सुरू झालाय ते बघा. एखादं जुनं पान पिवळं पडणं नेहमीचंच, ते कापून टाका, देठ मात्र पाण्याच्या वरच कापा. जुनी पानं भराभर पिवळी पडून नवी लहान येत असतील, तर नत्र कमी पडतंय. कोवळं पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या, म्हणजे बहुधा लोह कमी. बोअरच्या जड पाण्यात हे बरेचदा दिसतं.

नवखे दोन चुका करतात:

- खत पाण्यात टाकतात. मग कमळ उपाशी आणि शेवाळाची चंगळ! खताची गोळी कागदात गुंडाळून मातीत बोटभर खोल खुपसा, कोंबापासून जरा लांब.
- आठवड्यात फरक दिसला नाही की दुप्पट डोस. थांबा. पिवळं पान सहसा परत हिरवं होत नाही, नवं कसं येतंय ते बघा.

मासे असतील तर युरिया नकोच. बाकी सूक्ष्म अन्नद्रव्यांचं नंतर बोलू.