मॉडिफाय केलेली गाडी विकायचीय, किंमत किती लावू?

प्रश्न : दादा, माझी हॅचबॅक आठ वर्षं जुनी आहे. हौसेने बरंच काम करून घेतलंय, मोठे अलॉय, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या), एक्झॉस्ट, ईसीयू रीमॅप (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवणं), साउंड सिस्टिम आणि वरून मॅट रॅप (रंगावर चिकटवायची फिल्म). सगळी बिलं जपून ठेवलीत, बेरीज केली तर गाडीच्या आजच्या भावाच्या निम्मी होते. म्हणून बाजारभाव अधिक खर्च अशी किंमत टाकली, तर लोक फोटोंचं कौतुक करतात, ‘लास्ट किती’ विचारतात आणि गायब होतात. किंमत चुकतेय की गिऱ्हाईक?

उत्तर : किंमत चुकतेय. तू खर्च केलास तो तुझ्या आवडीवर, आणि घेणाऱ्याची आवड तीच असेल असं कशाला धरायचं? उलट ज्याला साधी गाडी हवीय तो तुझी जाहिरात बघूनच पुढे जातो, म्हणजे गिऱ्हाईक आधीच कमी झालं आणि त्यात किंमत चढी.

आधी काहीच काम न केलेल्या गाडीचा भाव काढ. तेच मॉडेल, तेच वर्ष, तेच इंजिन, साधारण तेवढंच रनिंग. आता गंमत अशी की जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत, गाडी सुटते त्याच्या खालीच, त्यामुळे दोन-तीन आठवडे नुसतं बघत राहा, कुठल्या गाड्यांच्या जाहिराती पटकन उतरतात आणि कुठल्या तिथेच पडून राहतात. पटकन उतरणाऱ्यांचा जो आकडा तो तुझा पाया, आणि बिलांची बेरीज त्यात मिळवायची नाही, एवढं मनाला पटवून घे बाबा.

मग एकेक वस्तू बघ. कंपनीचे जुने रिम घरात पडलेत का? असतील तर ते परत लाव आणि अलॉय वेगळे विक, गाडीबरोबर दिले तर त्यांचे जवळपास काहीच मिळत नाही, सुटे विकले तर बरे पैसे येतात. जाहिरातीत साइज, पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) लिही, नाहीतर दिवसभर तेच प्रश्न येतील. टायरवरचा चार आकडी कोडपण टाक (२३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा). साउंड सिस्टिमचंही तेच, फक्त दार किंवा डिकी कापून स्पीकर बसवले असतील तर काढू नकोस, भोक दिसलं की भाव अजून पडतो. कंपनीच्या जुन्या स्प्रिंग घरात असतील तर त्याही परत बसव. एक्झॉस्ट करताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढला असेल तर तो आधी परत जागेवर, कारण तो नसेल तर गाडी प्रदूषण चाचणीत अडकू शकते आणि ती कटकट कोण विकत घेणार?

रीमॅपचं मात्र नीट ऐक. तुला वाटतं पॉवर वाढली म्हणजे किंमत वाढली, पण घेणाऱ्याबरोबर जो मेकॅनिक येतो त्याला ऐकू येतं ‘गाडी पिळलेली आहे’, आणि त्याचं पूर्ण चुकतं असंही नाही, टॉर्क वाढला की क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो असेल तर त्याच्यावरही ताण येतोच. ज्याने केलं त्याच्याकडून ओरिजिनल फाइल (कंपनीची मूळ सेटिंग) परत टाकून घे, तरी रीमॅप होता हे सांगून टाक. क्लच आणि सर्व्हिसची बिलं समोर ठेव, इथे ती कामाला येतात, अलॉयच्या बिलापेक्षा ऑइल बदलल्याचं बिल जास्त वजनदार.

रॅपबद्दल लोकांना एकच शंका, खाली काय लपवलंय? पेंट चांगला असेल तर काढून टाक, पण जाणकाराकडून, कारण एखादा पॅनेल आधी रिपेंट झालेला असेल तर रॅपबरोबर रंगही निघून येतो.

एवढं सगळं करायचा कंटाळा असेल तर पायाच्या थोडं खालीच विकावी लागेल, किंवा तुझ्यासारखाच शौकीन भेटेपर्यंत थांबावं लागेल. तो भेटतो कधीकधी, पण तोही पूर्ण खर्च देत नाही, तो स्वतःच कुठेतरी एवढाच पैसा घालून बसलेला असतो.

प्रश्न : माझी फोर बाय फोर आहे, लिफ्ट किट (गाडी उंच करणारं) आणि मोठे टायर. हिलाही हाच नियम का?

उत्तर : पाया तोच. पण अशी गाडी घेणारा बऱ्याचदा हेच काम करून घेणार असतो, त्यामुळे चांगल्या कंपनीचं सस्पेन्शन, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), अंडरबॉडी गार्ड याचे थोडेफार पैसे सुटतात, स्वस्तातलं किट असेल तर विसर. एक गोष्ट लपवू नकोस, टायरचा व्यास दहा टक्के वाढवला आणि मीटर कॅलिब्रेट केला नाही तर मीटरवरच्या ५०,००० किलोमीटरला गाडी प्रत्यक्षात ५५,००० च्या आसपास पळालेली असते. भाव काढताना खरं रनिंग धर, आणि समोरच्यालाही तेच सांग, जाणकार असेल तर तो टायर बघूनच हिशोब करतो.