रोजची चारशेची रिक्षा

प्रश्न : आम्ही वनाजजवळ राहतो. मी कल्याणीनगरला नोकरी करते, मिस्टर स्वारगेटला. दोघंही मेट्रोनं जातो. घरी एक स्कूटर, पाचवीतला मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यापासून सगळे म्हणतात, ‘आता घेऊनच टाका.’ ९ लाखांची पेट्रोल गाडी पाहिलीय, ८ लाख कर्ज मिळतंय. गाडी न घेता खरंच किती वाचेल? सासूबाईंचे हाल होतात याचं मात्र वाईट वाटतं. – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, पेट्रोल क्षणभर बाजूला ठेवा. गाडी खाली नुसती उभी राहिली तरी काय खाते, ते आधी पाहू.

९ लाखांच्या पेट्रोल गाडीवर आपल्या राज्यात ११ टक्के रस्ता कर, म्हणजे ९९ हजार. ८ लाख कर्जाला ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण १६,६०० रुपये. त्यात व्याजच जवळजवळ १ लाख ९६ हजार. चार वर्षं उलटली की विम्याच्या हिशेबात गाडीची किंमत निम्मी धरतात, म्हणजे साडेचार लाख गेले. बेरीज होते ७ लाख ४५ हजार. पाच वर्षांवर वाटली तर महिन्याला सुमारे १२,४०० रुपये. विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग आणि पेट्रोल याच्या वर.

रोज चारशे रुपयांची रिक्षा केलीत, तरी महिन्याला बाराच हजार होतात. आणि तुम्ही रोज एवढी रिक्षा करणार नाही.

मी लोकांचे हिशेब पाहते. गाडी न घेणाऱ्या कितीतरी घरांत हप्ता वाचतो, पण रिक्षाचे ऐंशी रुपये देताना जीव वर-खाली होतो आणि म्हातारं माणूस बसस्टॉपवर ताटकळतं. मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडेही गाडी नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बँकेत वेगळं खातं उघडलं. त्यात दरमहा ठरावीक रक्कम टाकते आणि आईची रिक्षा, टॅक्सी सगळं त्यातूनच. ती आता ‘कशाला खर्च करतेस’ म्हणत नाही. पैसे त्यासाठीच आहेत हे तिला ठाऊक आहे. तुम्हीही हप्त्याएवढे १६,६०० बाजूला काढा. त्यातले पाच हजार सासूबाईंच्या आणि मुलाच्या येण्याजाण्याला राखा, उरलेल्यांची आवर्ती ठेव करा. दवाखान्याला, देवळाला, भजनाला त्यांनी दारातून रिक्षात बसावं.

तुमची दोघांची सोय तर उत्तमच आहे. कल्याणीनगर तुमच्याच मार्गावर, आणि सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलली की थेट स्वारगेट. दोघांपैकी एकाची चाकणला रात्रपाळी असती, तर मी वेगळा सल्ला दिला असता.

गावी जायला एसटीत तुम्हाला निम्मं तिकीट आहे आणि ७५ ओलांडल्यामुळे सासूबाईंना प्रवास मोफत. सवलतीसाठी लागणारं त्यांचं ओळखपत्र तेवढं जवळ ठेवा. लग्नकार्याला, देवदर्शनाला ड्रायव्हरसह गाडी भाड्यानं घ्या. तेही त्याच खात्यातून.