ग्रंथालयातून मधमाशीपालनाचं पहिलं पुस्तक नेताना

पहिल्या खेपेला एकच पुस्तक न्या, आणि ते कोणत्या मधमाशीचं आहे हे आधी बघा. बहुतेक जाडजूड पुस्तकं मेलीफेराची, म्हणजे युरोपीय मधमाशीची असतात. तुमच्या पेटीत सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी असेल तर त्यातली पोळ्याच्या चौकटीची मापं लागू पडत नाहीत. दिवसांचा हिशोबही वेगळा: मेलीफेराची कामकरी अंड्यापासून २१ दिवसांत, राणी १६ आणि नर २४ दिवसांत बाहेर येतो. सातेरीची कामकरी थोडी लवकर.

दुसरं, परदेशी पुस्तकातलं महिन्यांचं वेळापत्रक इंदूरला उतरवू नका. तिकडे थंडीत पेटी गुंडाळून ठेवतात. आपल्या माळव्यात थंडीतच मोहरी-धणे फुलतात. इथे जपायचं उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. वसाहतीची, म्हणजे पेटीतल्या माश्यांची ताकद बघून पाक द्या, साखर आणि पाणी सम प्रमाणात.

पुस्तक पेटीजवळ मात्र कधीच नेऊ नका! प्रोपोलिसचा, म्हणजे माश्यांच्या चिकट डिंकाचा डाग निघत नाही, मधाचं बोट लागलं की पानं चिकटतात आणि मुंग्या येतात. हवं ते कार्डावर उतरवून घ्या, कार्ड खिशात ठेवा. पावसाळ्यात पुस्तक बंद प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, बुरशी धरते, कापडात गुंडाळा. आणि मुदतीआधी परत करा, हंगामात त्याच पुस्तकासाठी बाकीचेही थांबलेले असतात.