अर्धवट राहिलेली कोब्रा घ्यावी का?

प्रश्न : डर्बीजवळ एका गॅरेजात जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार एसी कोब्राच्या घडणीचं, घरी जोडायच्या सुट्या भागांचं अर्धवट किट विकाऊ आहे. मालकाने वीसेक वर्षांपूर्वी काम सुरू करून मध्येच सोडलं. फायबरग्लासची बॉडी रंगवून तयार आहे, खाली जुन्या जॅग्वार एक्सजे६चं मागचं सस्पेन्शन आहे, बाजूला रोव्हरचं व्ही८ इंजिन आहे. हे भाग ज्या जुन्या गाड्यांतून काढले त्या डोनर गाड्यांचे कागद मात्र सापडत नाहीत. किंमत मोहात पाडणारी आहे. घ्यावी का? आणि मित्र म्हणतात तशी ही गाडी नकलीच ना? – एक वाचक, लेस्टर

उत्तर : त्या रंगाकडे सध्या पाठ फिरवा आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा. मी वेल्डिंग शिकवते, त्यामुळे कोणतंही किट पाहताना माझा हात आधी चासीच्या सांध्यांवर जातो. सस्पेन्शनचे ब्रॅकेट जिथे चासीला जोडलेत, तिथे वेल्ड सलग आहे की मधे तुटक, बाजूचा पत्रा खाल्ला गेलाय का, चौकोनी नळ्यांच्या आत गंज धरलाय का, हे बघा. फायबरग्लासचे तडे कुणीही भरून देईल. वाकडी किंवा कच्ची जोडलेली चासी म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्या जॅग्वारच्या सस्पेन्शनमध्ये मागच्या ब्रेकच्या डिस्क चाकांपाशी नसतात, आत डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीला, लागून असतात. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत कॅलिपरचे पिस्टन हमखास अडकतात आणि तिथे हात पोचणं महाकठीण. तो संपूर्ण भाग खाली उतरवायची तयारी ठेवा.

आता कागद. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी सरकारी तपासणी पास करावी लागते. हे काम सुरू झालं तेव्हा एसव्हीए ही चाचणी होती, 2009 पासून तिच्या जागी आयव्हीए आली. गाडी आजच्या नियमांत बसली पाहिजे, जुन्या मालकाने कुठले नियम धरून बांधली याला अर्थ नाही. बाहेरच्या ज्या कडांना माणसाचा स्पर्श होऊ शकतो त्यांची गोलाई किमान अडीच मिलिमीटर लागते. चाकांच्या मधोमध ते दोन कानांचे देखणे नट असतील तर चालत नाहीत, साधे लावा. डॅशबोर्डवर लांब टॉगल स्विच ओळीने लावले असतील तर तेही बदलावे लागण्याची शक्यता मोठी. वळणावर स्टिअरिंग सैल सोडलं की ते आपोआप मधे यायला हवं. पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी पडला की बऱ्याच चांगल्या गाड्या इथेच अडतात.

इंजिनाचं वय हा तुमच्या बाबतीत कळीचा मुद्दा आहे. रोव्हरने हे अॅल्युमिनियमचं इंजिन 1967 पासून पुढे कित्येक वर्षं वेगवेगळ्या गाड्यांत बसवलं. ते 1 ऑगस्ट 1975 च्या आधीचं असल्याचा पुरावा दिलात, तर धूर फक्त डोळ्यांनी पाहतात. पुरावा नसेल तर मर्यादा कडक लागतात, आणि कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या व्ही८ला त्या झेपणं अवघड. म्हणून आधी ब्लॉकवरचा नंबर लिहून घ्या आणि त्यावरून इंजिन कुठल्या गाडीतलं, कधीचं, याचा छडा लावा. किट बनवणाऱ्या कंपनीचं मूळ बिल मागा, ते सगळ्यांत मोलाचं. तुम्ही स्वतः केलेल्या कामाचे फोटो आणि पावत्या पहिल्या दिवसापासून जपा. गाडी हौशी माणसाने बांधली हे त्यांतूनच सिद्ध होतं. गाड्यांची नोंदणी करणाऱ्या डीव्हीएलए या सरकारी संस्थेने शेवटी क्यू अक्षराची नंबरप्लेट दिली, तर वाईट वाटून घेऊ नका. भागांचं वय ठरवता आलं नाही, एवढंच ती सांगते.

आता ‘नकली’बद्दल, कारण हा शब्द मला मनापासून खटकतो. 1962 सालची कोब्रा तरी कुठून आली? टेम्स डिटनच्या एसी कंपनीची एस (Ace) ही छोटी स्पोर्ट्स कार होतीच. कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरने तिच्यात फोर्डचं व्ही८ बसवायला लावलं. लोटस सेव्हन ही दुसरी ब्रिटिश स्पोर्ट्स कार तर 1957 पासून किट म्हणूनही विकली गेली. तयार गाडीवरचा परचेस टॅक्स किटवर लागत नसे, म्हणून लोक ती घरी बांधत. शेडमध्ये गाडी बांधणं ही ब्रिटिश स्पोर्ट्स कारची जुनी, अस्सल परंपरा आहे. मूळ कोब्रा जेमतेम हजारभर बनल्या, तेव्हा ती घडण रस्त्यावर दिसते ती बांधणाऱ्यांमुळेच. मात्र बॉनेटवर एसीचा बिल्ला लावून विकताना गप्प बसणं म्हणजे फसवणूक. नोंदणीत किटच्या कंपनीचं नाव लिहा आणि कुणी विचारलं तर तेच सांगा.

माझं मत : चासी निर्दोष असेल आणि किटचं बिल मिळत असेल तर घ्या, पण किंमत सुट्या भागांचीच द्या. बिल नसेल तर सोडा. पैसे देण्याआधी एखाद्या किट कार शोमध्ये पुऱ्या झालेल्या कोब्रात बसून बघा. पायांशी जागा अरुंद असते, पेडल एका बाजूला सरकलेले असतात. रोज वापरता तेच बूट घालून जा.